फोटो-कॉमिक कसं करायचं: मेणवलीच्या घाटावरची आठ पानं

चित्र काढता येत नाही म्हणून फोटो-कॉमिककडे वळणारे पुष्कळ जण असतात. त्यात वावगं काही नाही. फक्त फोटो म्हणजे कमी कष्ट, ही समजूत बाजूला ठेवून या. चित्रकार कोऱ्या कागदावर हवं तेवढंच काढतो. कॅमेऱ्यात मात्र नको असलेलंही न बोलावता येऊन बसतं: नायिकेच्या डोक्यामागे विजेची तार, कोपऱ्यात अर्धी स्कूटर, भिंतीवर कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. वाचक आधी फ्लेक्स वाचतो, मग संवाद. म्हणून फोटो-कॉमिकमधलं खरं कसब म्हणजे फोटोला गप्प बसवणं. पुढच्या सगळ्या खटपटी त्यासाठीच आहेत.

प्रकार नवा नाही. इटलीत १९४७ च्या सुमाराला फोटोंतून सांगितलेल्या प्रेमकथांची साप्ताहिकं निघू लागली आणि जोरात खपली. आज एक बरा फोन, फुकट मिळणारी दोन-तीन सॉफ्टवेअर आणि उन्हात उभं राहायला तयार असलेली दोन ओळखीची माणसं एवढ्यावर काम होतं.

हवेत बोलण्यापेक्षा एक उदाहरण घेऊन चालू. जागा: वाई आणि तिथून तीनेक किलोमीटरवरची मेणवली. लांबी: आठ पानं.

गोष्ट जागेतून निघू द्या

नवखा माणूस आधी गोष्ट लिहितो आणि मग तिला शोभेल अशी जागा शोधत हिंडतो. फोटो-कॉमिकमध्ये हे उलटं करावं. जी जागा तुम्हाला खरोखर मिळणार आहे तिथे जा, बसा, आणि तिथली कुठली वस्तू प्रश्न पडायला लावते ते बघा.

मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आहे, वाड्यामागे कृष्णेवरचा देखणा घाट आणि घाटावर मेणेश्वराचं देऊळ. तिथे एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेनंतर, म्हणजे १७३९ नंतर, इकडे आलेली ही पोर्तुगीज घंटा. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. शिवाच्या देवळापाशी मेरी! गोष्ट इथेच तयार आहे. पुण्याहून आलेली बारा वर्षांची रेवा घंटेवर हात ठेवून विचारते, "आजोबा, ही कुठली देवी?" आजोबा म्हणतात, "बाळाला घेतलंय ना कडेवर? मग आईच असणार कुणाची तरी." रात्री रेवाला टोल ऐकू येतात आणि आपण १७३९ च्या वसईत जातो.

दोन मुख्य पात्रं, दोन जागा, एक वस्तू. याहून जास्त घेऊ नका. मारामारी आणि पाठलाग फोटोत हटकून लटके दिसतात, कारण पळणारा माणूस फोटोत अडखळलेला वाटतो. चेहरा, हात, पाठमोरी आकृती, रिकामी जागा हे मात्र फोटोला उत्तम जमतं. गोष्ट त्यावरच रचा.

शैली आधी, कॅमेरा नंतर

"फोटो काढून ठेवू, इफेक्ट नंतर बघू" असं म्हणून सुरुवात केलेली कॉमिक्स ओळखू येतात. प्रत्येक पान वेगळ्या फिल्टरचं असतं. शैली आधी ठरली की कपडे, वेळ, अंतर, उजेड सगळं त्यावरून ठरतं.

आपल्या गोष्टीत दोन काळ आहेत, म्हणून शैलीही दोन. आजचा काळ: सपाट रंग, काळी रेषा, मोजक्या छटा. १७३९: नुसत्या काळ्या आकृत्या आणि मागे एकच गंजका तांबडा रंग. या दुसऱ्या निवडीमागे काटकसरही आहे. काळ्या आकृतीला ऐतिहासिक पोशाख लागत नाही. दोन मित्र, एक पागोटं, एक काठी आणि अंगावर घ्यायला एक शेला एवढ्यावर अख्खं लष्कर उभं राहतं. त्याच दोघांना दहा वेगवेगळ्या पवित्र्यांत टिपायचं आणि नंतर लहानमोठं करून मागेपुढे मांडायचं. तलवार भाड्याने आणू नका. काठीची सावली तलवारीपेक्षा खरी दिसते.

कपड्यांचा नियम एकच: गडद-फिक्याचा फरक ठळक हवा आणि नक्षी नको. बारीक चौकड्याचा शर्ट किंवा फुलाफुलांची साडी छटा कमी केल्यावर किड्यामुंग्यांसारखी दिसते. रेवाला हळदी रंगाचा सपाट कुर्ता, आजोबांना पांढरा सदरा आणि काळी टोपी. चौकट अंगठ्याच्या नखाएवढी झाली तरी कोण कुठे उभं आहे हे कळलं पाहिजे.

कच्ची पानं

ए-फोर कागद दुमडून आठ पानांची वही करा आणि पेन्सिलीने चौकटी पाडा. काडीची माणसं चालतील. पानाला चार ते पाच चौकटी पुरेत. म्हणजे आठ पानांत पस्तीसेक. प्रत्येक चौकटीला नंबर द्या: ३/२ म्हणजे तिसरं पान, दुसरी चौकट. चित्रणाच्या वेळी हाच नंबर कागदावर मोठा लिहून त्याचा आधी एक फोटो काढायचा, मग चौकटीचा. नाहीतर घरी येऊन शेकडो फोटोंत ३/२ शोधत बसाल.

याच टप्प्यावर संवादांचे फुगेही काढा. ही पायरी वगळणाऱ्यांना पुढे फुगे कपाळावर चिकटवावे लागतात. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून ज्याचा संवाद आधी तो माणूस चौकटीत डावीकडे हवा. रेवा प्रश्न विचारणार, आजोबा उत्तर देणार. तर रेवा डावीकडे. नेमकी जागा उलटी पडत असेल तर रेवाचा फुगा वर आणि आजोबांचा बराच खाली ठेवा, पण हा नाइलाजाचा मार्ग आहे. आणि दोघांमध्ये एक अदृश्य रेघ आहे असं समजा. कॅमेरा त्या रेघेच्या एकाच बाजूला ठेवायचा. पलीकडे गेलात की पुढच्या चौकटीत दोघांच्या जागा बदललेल्या दिसतात आणि वाचक गोंधळतो.

पाहणी आणि परवानग्या

चित्रणाच्या आधी एकदा जागेवर जा आणि ज्या वेळी फोटो काढायचे त्याच वेळी जा. सकाळी आठचा घाट आणि दुपारी एकचा घाट या दोन वेगळ्या जागा आहेत. पायऱ्यांवर ऊन तिरपं असतं तेव्हा प्रत्येक पायरीची एक उजळ आणि एक काळी पट्टी पडते, जी आपल्या शैलीला सोन्यासारखी आहे. सूर्य डोक्यावर आला की सगळा घाट एकसुरी करडा. ऋतूही बघा. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी पायऱ्या गिळतं. वाईत ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची बांधलीय ती पुराचा लोंढा फुटावा म्हणूनच. आपल्याला नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा.

वाई-मेणवलीत सिनेमांची शूटिंग इतकी झाली आहेत की कॅमेरा दिसला की कुणीतरी "कुठला पिक्चर?" विचारणारच. उत्तर तयार ठेवा आणि दोन वाक्यांत खरं सांगा. लोक बाजूला होतात, कधी कधी पायरी झाडूनही देतात. घाट मोकळा आहे, पण वाडा खासगी मालकीचा. आत फोटो काढायचे तर तिथल्या माणसांना विचारूनच. देवळाच्या गाभाऱ्यात गुरुजींना न विचारता कॅमेरा काढू नका. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तू निवडल्यात तर हातातल्या कॅमेऱ्याला सहसा हरकत नसते, ट्रायपॉड उघडला की परवानगीचा प्रश्न येतो. रेल्वे स्टेशनाचा मोह असेल तर आधी रेल्वेकडे अर्ज.

इमारतींच्या बाबतीत कायदा उदार आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार वास्तूचे किंवा सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचे फोटो काढून छापणं हा भंग ठरत नाही. भिंतीवर रंगवलेलं चित्र मात्र या सवलतीत धरू नका. ते चित्रकाराचं आहे. एखादं भित्तिचित्र ठळकपणे वापरायचं असेल तर त्याला विचारा, नाहीतर चौकट जरा वळवा.

माणसांची संमती लेखी घ्या. साधा कागद पुरतो: नाव, कशासाठी, कुठे छापणार, सही. रेवा लहान आहे, म्हणून सही तिच्या आईची किंवा वडिलांची.

चित्रणाचा दिवस

गोष्टीच्या क्रमाने जाऊ नका, जागेच्या क्रमाने जा. घंटेपाशीच्या सगळ्या चौकटी सलग उरका, मग पायऱ्या, मग पाणी.

फोनच्या मुख्य कॅमेऱ्याने चेहऱ्याच्या जवळ गेलात तर नाक मोठं आणि कान लहान येतात, कारण ते वाइड, म्हणजे रुंद दृश्य टिपणारं, भिंग आहे. चेहऱ्यासाठी दुप्पट झूम वापरा आणि दोन पावलं मागे या. जागा दाखवायला वाइड ठीक. बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करा. ऑटोवर ठेवलंत तर एकाच प्रसंगातल्या लागोपाठच्या चौकटींचा रंग वेगवेगळा येतो. कॅमेरा असेल तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल ठरवणारी सेटिंग, 'डेलाइट'वर कायम ठेवा.

आता सावळ्या चेहऱ्यांबद्दल, कारण परदेशी शिकवण्यांत हे सांगत नाहीत. छटा कमी करणारे सगळे फिल्टर उजेडाच्या मोजमापावर चालतात. भर उन्हात मागची पायरी पांढरीफटक आणि चेहरा सावळा असेल तर फिल्टर चेहऱ्याचा काळा ठिपका करून टाकतो. डोळे, ओठ, सगळं गायब. उपाय स्वस्त आहे: थर्माकोलची पांढरी शीट. सिनेमावाले वापरतात तीच. चेहऱ्याच्या सावलीतल्या बाजूला हातभर अंतरावर धरा आणि हळूहळू वळवा. गालावर उजेड चढताना डोळ्याने दिसतो. धरायला एक माणूस लागतो, आणि शीटला वारा लागू देऊ नका.

अभिनयाबद्दल: संवाद म्हणायला लावून फोटो काढू नका. अर्धवट उघडं तोंड फोटोत वेडंवाकडं दिसतं. बोलण्याच्या अगदी आधीचा किंवा नंतरचा क्षण घ्या. एका चौकटीचे तीन भाव काढा: साधा, थोडा, आणि लाज वाटेल इतका जास्त. छटा कमी केल्यावर बारीक भाव पुसले जातात आणि बऱ्याचदा तो तिसराच कामी येतो. हातांचे, चपलांचे, घंटेवरच्या बोटांचे फोटो भरपूर घ्या. जिथे चेहरा जमला नाही तिथे हीच चौकट वाचवते.

निघण्यापूर्वी प्रत्येक जागेचे माणसाविना फोटो घ्या, कॅमेरा हलू न देता. वर्दळ थांबत नसेल तर ट्रायपॉडवरून काही सेकंदांच्या अंतराने दहाबारा फोटो काढा. फोटोशॉपमध्ये ते एका स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये घालून स्टॅक मोड 'मीडियन' केला की जे हललं ते नाहीसं होतं आणि रिकामा घाट उरतो. हे पहिल्यांदा बघताना जादूच वाटते. जिम्प या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तेच हाताने: दोन फोटो एकावर एक, वरच्याला लेयर मास्क (नको तो भाग झाकणारा पडदा), आणि माणूस ब्रशने पुसायचा.

संगणकावर

आधी कच्चे, बिनफिल्टरचे फोटो पानात मांडून गोष्ट वाचून बघा. कुणा त्रयस्थाला फुग्यांशिवाय दाखवा. काय चाललंय हे त्याला ढोबळ कळलं तर पुढे जा. गोष्ट न कळणारं पान कुठल्याही इफेक्टने सुधारत नाही.

मग जिम्प, क्रिता किंवा ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी, जे सवयीचं असेल ते उघडा. आजच्या काळाच्या चौकटींची कृती अशी:

१. साफसफाई. तारा, फ्लेक्स, प्लॅस्टिकची बाटली क्लोन टूलने काढा. सगळं काढायला जाऊ नका. घाटावर वाळत घातलेलं एखादं धुणं राहू द्या; ती जागा जिवंत आहे हे त्यानेच कळतं.

२. मूळ लेयरच्या, म्हणजे फोटोच्या थराच्या, दोन प्रती करा. खालच्या प्रतीला 'सिलेक्टिव्ह गॉसियन ब्लर' द्या. हा फिल्टर दगडाचा खरखरीतपणा मऊ करतो, पण पायरीची कड शाबूत ठेवतो. मग 'पोस्टराइज', म्हणजे छटा मोजक्या करणं: पाच किंवा सहा. ब्लर न देता थेट पोस्टराइज केलंत तर दगडावर नायटा उठल्यासारखे डाग येतात.

३. वरच्या प्रतीचा रंग काढून टाका, 'एज डिटेक्ट'मधला 'डिफरन्स ऑफ गॉसियन्स' लावा, मग 'थ्रेशोल्ड' (ठरावीक उजेडाच्या वरचं सगळं पांढरं, खालचं सगळं काळं करणारी सेटिंग) सरकवत पांढऱ्यावर काळ्या रेषा आणा. उलटं आलं तर 'इन्व्हर्ट'. या लेयरचा मोड 'मल्टिप्लाय' ठेवा, म्हणजे पांढरं दिसेनासं होतं आणि काळ्या रेषा उरतात. आता रंग खाली आणि रेषा वर.

४. चेहरा वेगळा हाताळा. चेहऱ्यापुरता मास्क करून थ्रेशोल्ड तिथे वेगळा ठेवा, घाटाला लावलेलाच चेहऱ्याला लावू नका. नाकाखालच्या सावलीची मिशी होते, आणि रेवाला मिशी नको. ती सावली खोडरबराने पुसा. डोळ्यांची आणि ओठांची रेघ तुटली असेल तर हाताने जोडा. चित्र येत नसलं तरी एवढं जमतं.

५. रंग आवरा. प्रत्येक प्रसंगाला तीनच मुख्य रंग: घाटाचा करडा, पाण्याचा हिरवट, रेवाचा हळदी. बाकी सगळं यांच्याच छटांत ओढा. हळदी रंग इतरत्र कुठेही येऊ देऊ नका. एखाद्या बाईंची पिवळी बादली मागे असेल तर ती करडी करा.

१७३९ च्या चौकटींना 'थ्रेशोल्ड' आणि तांबडी पार्श्वभूमी एवढंच. आकृत्या मोकळ्या आकाशासमोर उभ्या करून टिपलेल्या असल्या की कापायला दोन मिनिटं लागतात. दुसऱ्या फोटोतला माणूस घाटावर आणून उभा करताना मात्र दोन गोष्टी जुळवा: सावलीची दिशा आणि कॅमेऱ्याची उंची. यातलं एक चुकलं की माणूस हवेत तरंगतो.

रात्रीचा प्रसंग रात्री टिपू नका, फोनचा फोटो चिखल होतो. ढगाळ दुपारी काढा, छटा तीनवर आणा, सगळं गडद निळं करा आणि वाड्याची एकच खिडकी पिवळी ठेवा. हळदी रंगाची सूट फक्त इथे.

सगळ्या सेटिंगचे आकडे वहीत टिपून ठेवा. पंधरा दिवसांनी आठवं पान करताना पहिल्या पानाचा थ्रेशोल्ड आठवत नसतो. आणि एका बटणात फोटोचं कार्टून करून देणारी ॲप्स? एका चौकटीला छान, पस्तीस चौकटींना नाही; दर खेपेला रेवाचा चेहरा वेगळाच निघतो.

फुगे आणि अक्षर

इथे मराठीत फारसं कुणी शिकवत नाही, म्हणून जरा सविस्तर. फुगे फोटोवर थेट काढू नका. पान इंकस्केप या फुकट रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या आणि फुगे, मजकूर तिथे करा, म्हणजे शेवटपर्यंत बदलता येतात. फोटोशॉप वापरत असाल तर टाइप सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी' पर्याय चालू करा, नाहीतर वेलांट्या आणि जोडाक्षरं सुटी पडतात. जुने कृतिदेव-पद्धतीचे फाँट टाळा, युनिकोडच वापरा.

संवादांना मुक्ता किंवा बालू घ्या. दोन्ही मुंबईच्या एक टाइपने केलेले आणि मुक्त परवान्याचे आहेत. बालू गोलसर, मुलांच्या तोंडी शोभतो. निवेदनाच्या पट्टीला तिरो देवनागरी मराठी छान दिसतो आणि त्यात ल आणि श आपल्या वळणाचे येतात. कुठलाही फाँट घेण्याआधी हे वाक्य टाइप करून बघा: "दुसऱ्या किनाऱ्यावर शंभर लाल कळशा". "ऱ्या" नीट आला नाही तर फाँट बदला.

इंग्रजी कॉमिकमधल्यासारखी सगळी मोठी अक्षरं आपल्याकडे नाहीत, आणि तिरकं केलेलं देवनागरी पडल्यासारखं दिसतं. जोर द्यायचा तर जाड करा किंवा आकार वाढवा. वर मात्रा, खाली उकार, म्हणून ओळींत जास्त अंतर लागतं. अक्षराच्या दीडपटीच्या आसपास ठेवा. ए-फाइव्ह पानावर अक्षर नऊ पॉइंटच्या खाली नको. एका फुग्यात पंधरा-वीस शब्द झाले की थांबा. जे चित्रात दिसतंय ते संवादातून काढा: आजोबा घंटेकडे बोट दाखवतायत तर "ही बघ घंटा" कशाला?

फुग्याची शेपटी तोंडाच्या दिशेने जावी, पण तोंडापर्यंत पोचू नये.

आवाज मात्र फाँटने लिहू नका. घंटेचा "टण्ण" जाड ब्रशने कागदावर लिहा, पाचसहा वेळा लिहा, चांगला असेल त्याचा फोटो काढा, थ्रेशोल्ड करा आणि चौकटीच्या बाहेर येईल इतका मोठा लावा. पाण्यात खडा पडला तर "डुबुक", दार लागलं तर "धाडकन". मराठीत असे शब्द भरपूर आहेत. "बूम" आणि "बँग" हवेत कशाला?

बाहेर काढताना

छापायचं असेल तर पहिल्या दिवसापासून फाइल ३०० डीपीआयची (दर इंचाला ३०० ठिपके) ठेवा. ए-फाइव्ह पान १७४८ बाय २४८० पिक्सेलचं होतं, शिवाय चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीचं, कापण्यासाठी. मधल्या पिनांनी शिवायचं तर पानांची संख्या चारच्या पटीत हवी. आपली आठ आणि चार पानांचं कव्हर, हिशेब जुळतो. शिवणीच्या बाजूला फुगे नेऊ नका, मुडपतात. फोनवर वाचण्यासाठी वेगळी प्रत करा: १०८० बाय १३५० पिक्सेल, एका पडद्यावर एक किंवा दोन चौकटी, आणि अक्षर छापील प्रतीपेक्षा मोठं.

सगळ्या प्रती छापायला टाकण्याआधी एकच पान त्याच दुकानात, त्याच कागदावर काढून बघा. ते पान रात्रीच्या प्रसंगाचं असू द्या. पडद्यावर निळं दिसणारं कागदावर काळं उमटतं, आणि वाड्याची भिंत आकाशात मिसळून जाते. तसं झालं तर निळा दहा-पंधरा टक्के उजळ करा आणि पुन्हा एक पान काढा.